वस्तीच्या गाडीमागून

नमस्कार श्रोतेहो.

गणपती झाले, पाऊस ओसरला. आता दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जायचे बेत घरोघरी सुरू झाले असतील. कोकणात जायचं म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग धरायचा, असंच आपण समजून चालतो. आज मी तुम्हाला तिकडून नेणार नाही. आज आपण समुद्राच्या कडेकडेने जाणार आहोत. बाणकोट, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, गुहागर, तवसाळ, जयगड, आणि तिथून खाली रत्नागिरी, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग. गावं छोटी, रस्ता अरुंद, आणि वाटेत खाड्याच खाड्या.

या खाड्यांचं आधी सांगतो, कारण इथे सगळा प्रवास त्यांच्या तंत्राने चालतो. सह्याद्रीतून कोकणात उतरणारी जवळजवळ प्रत्येक मोठी नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी करते. सावित्रीची बाणकोटला, वाशिष्ठीची दाभोळला, शास्त्रीची जयगडला, काजळीची भाट्याला, मुचकुंदीची पूर्णगडला आणि वाघोटणची विजयदुर्गाला. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, तिथल्या माडाखालची माणसंसुद्धा दिसतात, पण मध्ये पाणी. दाभोळहून समोर धोपाव्याला रस्त्याने जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरांहून मोठा वळसा पडतो. २००३ साली इथे गाड्या नेणारी फेरीबोट सुरू झाली. गावात तिला जंगलजेटी म्हणतात. मोटारी, दुचाकी, माणसं, कोंबड्यांच्या पाट्या असं सगळं एकदम चढतं आणि थोड्याच वेळात पलीकडे उतरतं. पुढे तशीच सोय तवसाळ ते जयगड झाली, वेसवी ते बागमांडला झाली. पुलांचंही काम ठिकठिकाणी चाललं आहे. पूल व्हावेत, गावच्या आजारी माणसाला रात्री दोन वाजता पलीकडे जाता यावं, हे मी मनापासून म्हणतो. पण पूल होईपर्यंत लक्षात ठेवा: खाडी आली की थांबायचं. गाडी बंद करायची, खाली उतरायचं आणि थांबायचं.

आता एक प्रसंग सांगतो. तो सांगण्यासाठीच मी आज इथे बसलो आहे म्हणा ना.

ऑक्टोबरचे दिवस होते. भातं पिवळी झाली होती, काही खाचरांत कापणी लागली होती. मी, माझा मामेभाऊ आणि आम्हा दोघांच्या घरची, असे चौघे वेळणेश्वराहून हेदवी करून तवसाळकडे निघालो होतो. हेदवीच्या दशभुजा गणपतीपाशी बराच वेळ गेला, बामणघळीत उसळणारं पाणी पाहण्यात आणखी गेला, आणि दिवस कलला. वाटेत एका फाट्यावर चहाची टपरी होती. टपरीवाल्या काकांनी विचारलं, "जयगडला जायचंय? आजची जंगलजेटी संपली. आता सकाळीच."

जवळ राहायची सोय कुठे होईल, असं आम्ही विचारलं. काकांनी रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "थांबा दहा मिनिटं. वस्तीची गाडी येईल. तिच्या मागोमाग जा. कंडक्टर मास्तरांना मी सांगतो."

खेड्यात वाढलेल्यांना वस्तीची गाडी सांगायला नको. शहरातल्या लहान मुलांसाठी सांगतो. तालुक्याच्या आगारातून एसटी संध्याकाळी सुटते, शेवटच्या गावी रात्रीचा मुक्काम करते आणि पहाटे तीच गाडी माणसं घेऊन परत फिरते. ड्रायव्हर-कंडक्टर त्या गावातच झोपतात.

गाडी आली. काकांनी खिडकीपाशी जाऊन कंडक्टरला काहीतरी सांगितलं, त्यांनी आमच्याकडे बघून मान हलवली आणि आम्ही लाल गाडीच्या मागे लागलो. रस्ता एका गाडीपुरता. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्येच करवंदीच्या जाळ्या. पुढे जायला जागा नव्हती आणि आम्हाला जायचंही नव्हतं. एसटी थांबली की आम्ही थांबत होतो.

आणि ती किती वेळा थांबली म्हणता! थांब्यावर तर थांबलीच, पण जिथे थांबा नव्हता तिथेही थांबली. एका घरापाशी कंडक्टरांनी खिडकीतून औषधांची पुडी दिली. एका वळणावर मिक्सरचं भांडं दिलं, तालुक्याला दुरुस्तीला गेलेलं. एका ठिकाणी मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन तिघी जणी उतरल्या. त्यातल्या एकीच्या डोक्यावर पाटी चढवायला कंडक्टर स्वतः खाली उतरले. मग एका पाखाडीच्या तोंडाशी गाडी थांबली आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. तिथे कुणीच नव्हतं. पूर्ण अंधार पडला होता. रातकिडे ओरडत होते. आम्हाला वाटलं, गाडी नादुरुस्त झाली की काय. एवढ्यात वर झाडांमध्ये बॅटरीचा उजेड हलला आणि पाखाडीच्या पायऱ्या उतरत एक बाई खाली आल्या. हातात कापडात बांधलेला डबा. ड्रायव्हर-कंडक्टरचं रात्रीचं जेवण! त्या गावात घरं पाळीपाळीने डबा देतात, असं नंतर कळलं.

कंडक्टर म्हणाले, "वयनी, आज चार पाहुणे आहेत मागच्या गाडीत."

बाईंनी आमच्याकडे बॅटरी मारून पाहिलं. मग त्या वळल्या आणि वर डोंगराकडे तोंड करून जोरात हाक दिली, "चारजण वाढलेत गोऽऽ!" वरून कुणीतरी ओ दिली. तीच हाक आणखी वर, दुसऱ्या घराकडे गेली. आम्ही गाडीत बसून ऐकत होतो. फोन नाही, काही नाही. आम्ही गावात पोचायच्या आधी आमचं जेवण गावात पोचलं होतं.

गाव खाडीच्या अगदी काठावर. रस्ता देवळापुढच्या पटांगणात संपत होता. एसटी तिथे वळवून लावली, तिच्याशेजारी आमची गाडी. एका घराच्या ओटीवर आमची झोपायची सोय झाली. जेवायला गरम भात, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा आणि लोणचं. श्रोतेहो, मी मोठमोठ्या ठिकाणी जेवलो आहे, पण त्या पिठीची चव अजून जिभेवर आहे. इथे एक बोलून घेतो. कोकणात गेल्यावर पनीर आणि नूडल्स मागू नका. त्या माउलीला जे उत्तम येतं ते तिला करू द्या. घावन मागा, सांदण मागा, तिरफळ घातलेली आमटी मागा. सकाळी जाऊन सांगितलंत तर दुपारी तुमच्यासाठी वेगळा नारळ फोडला जातो.

जेवणानंतर ड्रायव्हर आमच्याशी बोलत ओटीवर टेकले. ते बीडकडचे. म्हणाले, "नोकरी लागली तेव्हा समुद्र पयल्यांदा बघितला. आमच्याकडं पाण्यासाठी मैलभर चालायचं, आन् इथं पाणीच पाणी, पर पिता येत न्हाई." पहिल्या पावसाळ्यात ते फार घाबरले होते. दरडी, निसरडे उतार, धुकं. बदलीचा अर्जही लिहून ठेवला होता. मग एका रात्री त्यांना ताप भरला. गावातल्या माणसांनी होडीतून पलीकडे नेऊन डॉक्टरला दाखवलं आणि बरे होईपर्यंत रोज पेज दिली. "तो अर्ज तसाच ऱ्हायला बघा," एवढंच ते म्हणाले आणि झोपायला गेले.

पहाटे साडेपाचच्या आत हॉर्न वाजला. आम्ही उठून पटांगणात आलो. माणसं कंदील, बॅटऱ्या घेऊन चारी बाजूंनी उतरत होती. आमसुलांची पिशवी घेतलेले एक आजोबा. तपासणीला निघालेली पोटुशी सून आणि तिची सासू. कॉलेजची पोरं. ड्रायव्हरने गाडी चालू केली, दिवे लावले, आणि कंडक्टरांनी आत नजर फिरवून सांगितलं, "थांबा. खालच्या आळीचा पोरगा नाही आला. आज त्याचा पेपर आहे."

पुन्हा हॉर्न वाजला. कुणी कुरकुरलं नाही. एक बाई तेवढी खिडकीतून म्हणाली, "येईल, येईल, आत्ताच त्याच्या आवशीन चूल पेटवलेली बघितली." आणि पोरगा आला! ओल्या केसांनी, दप्तर एका खांद्यावर, हातात अर्धी भाकरी. गाडीत एकच हशा झाला, त्याला जागा दिली आणि गाडी हलली. आम्ही पुन्हा तिच्या मागे. फाट्यावर ती तालुक्याकडे गेली, आम्ही तवसाळकडे वळलो, आणि त्यांनी जाताना हात केला.

१९४८ सालच्या जून महिन्यात पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली. तेव्हापासून या गाडीने खेड्यांना किती दिलं याचा हिशोब कुणी मांडायचा? मला ठाम वाटतं, वस्तीच्या गाड्या टिकल्या पाहिजेत. तिकिटाच्या पैशांवर त्यांचं मोल ठरवू नये. त्या पोराचा पेपर, त्या सुनेची तपासणी, औषधाची ती पुडी, हे सगळं त्या गाडीवर होतं. एखाद्या गावाची वस्तीची गाडी बंद होते तेव्हा ते गाव तालुक्यापासून एका रात्रीने लांब जातं.

असो. वेळ भराभर चालला आहे, मुलखाबद्दल थोडं सांगायलाच हवं.

उत्तरेकडून येत असाल तर वेळासला थांबा. ऑलिव्ह रिडले जातीची कासवं तिथल्या पुळणीवर अंडी घालतात आणि गावकरी ती जपतात. त्यावरून एक कळकळीचं सांगणं: गाडी पुळणीवर घालू नका. वाळूत चाकं रुततात, भरती येते, मग ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे वाळूखाली कासवाची अंडी असू शकतात. गाडी वर, माणसं खाली. पुन्हा सांगतो, गाडी वर ठेवा, पुळणीवर पायी उतरा.

हर्णैला संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. जवळच मुरूड, महर्षी कर्व्यांचं गाव. शाळकरी वयात ते इथून परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेले होते, आणि तिथे त्यांना वय कमी दिसतं म्हणून बसू दिलं नाही! ते तसेच परत आले. मुरूडच्या वाडीतून पोफळींच्या सावलीत चालताना हे मुलांना जरूर सांगा.

रत्नागिरीच्या खाली कशेळीला कनकादित्याचं देऊळ पाहा आणि तिथल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, कोरलेला प्रचंड हत्ती पाहा. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरले आहेत. ही कातळशिल्पं हजारो वर्षांची आहेत. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सडा म्हणजे ओसाड पडीक जमीन, असं समजून तिथे चिरेखाणी काढल्या जातात, याचं मला फार दुःख होतं. पावसात त्याच सड्यावर निळी-पिवळी फुलं अंथरलेली असतात. चित्रं पाहताना चपला बाहेर काढा आणि रेषांवर पाय देऊ नका.

आणि कौलं! जुनी मंगळुरी कौलं उतरवून निळे-लाल पत्रे चढवायची घाई सगळीकडे झाली आहे. माकडं कौलं फोडतात, वर चढायला माणूस मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ज्यांना परवडतं त्यांनी कौलं राखावीत. पत्र्याखाली वैशाखात बसवत नाही, आणि त्यावर पाऊस पडला की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.

निघण्यापूर्वीचं तेवढं सांगतो. दिवसाला दोन-तीन गावांपेक्षा जास्त धरू नका. पेट्रोल तालुक्याच्या गावीच भरून घ्या, आणि खिशात सुटे पैसे असू द्या, कारण आडगावात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. रस्ता माणसांना विचारा. आणि जंगलजेटीची शेवटची फेरी किती वाजता आहे, ते आदल्या गावातच विचारून घ्या. ती चुकली तर फाट्यावर जाऊन वस्तीच्या गाडीची वेळ विचारा.

नमस्कार.