पत्रादेवीच्या पलीकडची ताई

नमस्कार मंडळी, चहा झाला का? नसेल झाला तर ठेवा गॅसवर, तोवर मी बोलते.

परवा एका घरगुती कार्यक्रमात दहा-बारा कॉलेजची पोरंपोरी बसली होती, त्यांना मी सहज विचारलं, मराठी बोलणारी बाई मुख्यमंत्री झालीये का कधी? सगळी एकदम म्हणाली, छे हो, महाराष्ट्रात अजून एकही नाही. महाराष्ट्रापुरतं अगदी बरोबर. पण बांद्याच्या पुढे जा, पत्रादेवीचा चेकनाका ओलांडा, की उत्तर बदलतं, आणि ते १९७३ सालीच बदललंय. शशिकला काकोडकर. गोव्यात कुणी एवढं लांब नाव घेत नाही, नुसतं ताई म्हणायचं. देशात त्यांच्या आधी फक्त दोघी, उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी आणि ओरिसात नंदिनी सत्पथी, तिसऱ्या आपल्या ताई.

आता कुणीतरी लगेच म्हणणार, अहो त्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या मुलगी, खुर्ची घरातूनच मिळाली. खरंय, मी कुठे नाही म्हणते? भाऊसाहेब गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, खाणमालक, मगो म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, तो पक्ष म्हणजे तेच, ऑगस्ट १९७३ मध्ये ते अचानक गेले आणि अडतीस वर्षांची लेक त्या खुर्चीत बसली. म्हणजे वडिलांचं सुतकही फिटलं नव्हतं तेव्हा फायली समोर आल्या असतील. पण एक लक्षात घ्या, ताई १९६७ पासून निवडून येत होत्या, वडिलांच्या हाताखाली राज्यमंत्री होत्या, त्यामुळे अगदीच कोरी पाटी नव्हती. आणि मुलाला गादी मिळाली की आपण वारसा म्हणतो, मुलीला मिळाली की लगेच नशीब म्हणतो, हे आपलं जुनंच आहे, सोडा.

मला बोलायचंय ते मुंडकार कायद्याबद्दल. कारण माझी एक मावशी डिचोली तालुक्यात दिलेली, ती मुंडकार. मुंडकार म्हणजे काय तर भाट दुसऱ्याचं, म्हणजे माडांची बाग भाटकाराची, आणि तिच्यात एका कोपऱ्यात तुमचं घर. घर तुम्ही बांधलेलं, माती तुम्ही तुडवलेली, पण जमीन त्याची. बदल्यात माडांची राखण करायची, नारळ पाडायला पाडेली आला की खाली उभं राहून मोजायचे, भाटकाराकडे लग्नकार्य असलं की जाऊन राबायचं. मावशी सांगायची, मातीच्या भिंतीला पावसाळ्यात भोक पडलं तर झावळी लावायची, चिरा लावायचा नाही, चिरा लावला की भाटकार म्हणणार, पक्कं घर बांधताय होय, कुणाला विचारून? आणि मनात आलं की निघा म्हणायचा. कुठे निघा? तीन पिढ्या तिथेच गेल्या की हो.

ताईंच्या सरकारने १९७५ मध्ये कायदा केला, मुंडकाराला घरातून काढायचं नाही. आणि नुसतं एवढंच नाही तर घर आणि घराभोवतीची जागा, गावात तीनशे चौरस मीटरपर्यंत आणि शहरात दोनशेपर्यंत, मुंडकार ठरलेली किंमत देऊन विकत घेऊ शकतो. पाठोपाठ १९७६ मध्ये कुळकायद्याची पाचवी दुरुस्ती, कसणाऱ्या कुळाला शेताचा मालक मानायचं. भाटकार मंडळी गप्प बसणार होती थोडीच, कोर्टकचेऱ्या कितीतरी वर्षं चालल्या. मुंडकारांच्या केसेस तर मामलेदाराकडे आजही चालूच आहेत, तारखा पडतायत, ज्याने अर्ज केला तो गेला आणि नातू फाईल घेऊन फिरतोय असंही दिसतं. कायदा चांगला आणि अंमल रडतखडत, हा आपल्याकडचा कायमचा हिशोब. पण मावशीच्या घराला चिरे लागले. मी लहान असताना बघितलेत ते, लाल, ओले, अंगणात रचून ठेवलेले, आम्ही त्यावर चढून उड्या मारायचो आणि ओरडा खायचो.

सगळं गोडगोड सांगणार नाही हं मी. ताईंच्याच काळात रापणकार समुद्रावरच्या ट्रॉलर्सच्या विरोधात रस्त्यावर आले, पारंपरिक मच्छीमारांच्या पोटावर पाय येत होता आणि सरकारने त्यांचं लवकर ऐकलं नाही. मग विद्यार्थ्यांचं बसभाड्यात पन्नास टक्के सवलतीचं आंदोलन पेटलं, तेही सरकारला नीट हाताळता आलं नाही. १९७७ ला तीसपैकी पंधरा जागा घेऊन ताई परत आल्या होत्या खऱ्या, पण पंधरा म्हणजे अगदी काठावर, आणि १९७९ च्या एप्रिलमध्ये स्वतःच्याच पक्षाचे तीन आमदार उलटले, सरकार पडलं. त्यानंतर मगोचं एकट्याचं राज्य गोव्यात परत आलं नाही. ताईही मग काँग्रेसमध्ये गेल्या, पुढे वेगळा पक्ष काढला, परत मगोत आल्या, तो सगळा भाग मला फारसा आवडत नाही म्हणून पटकन उरकते.

पण १९९० ला शिक्षणमंत्री झाल्यावर त्यांनी जे केलं ते अजून गाजतंय. सरकारी अनुदान हवंय तर प्राथमिक शाळा कोकणी किंवा मराठीतून चालवा. केवढा गदारोळ झाला! कित्येक शाळा इंग्रजी सोडून कोकणीत आल्या. म्हणजे बघा, १९६७ च्या जनमत कौलात, गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा या मतदानात, महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या, मराठीवाल्या गोटातल्या बाईच्या निर्णयाने कोकणी शाळांत मुलं वाढली. मग २०११ ला सरकारने इंग्रजीलाही अनुदान द्यायचं ठरवलं तेव्हा ताई शहात्तर वर्षांच्या, त्याला विरोध करणाऱ्या भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या पुढे त्याच उभ्या. माझी स्वतःची भाचरं इंग्रजी शाळेत आहेत, त्यामुळे मी इथे फार आवाज चढवत नाही. पण त्या वयात उन्हात उभं राहायचं, तेही ज्या भांडणातून मतं मिळायची खात्री नाही अशा भांडणासाठी, हे मला जमलं नसतं.

२८ ऑक्टोबर २०१६ ला ताई गेल्या. धनत्रयोदशी होती. गोव्यात त्या दिवसांत वाड्यावाड्यावर नरकासुराचे पुतळे बनत असतात, गवत, कागद, खळ, आणि रात्रभर स्पीकर. मावशीच्या अंगणातही नातवाची गँग लागली होती कामाला. मी फोन केला तर मागून ढॅणढॅण ऐकू येत होतं, म्हटलं मावशी, बातमी कळली का? ती म्हणाली, कळली गं. मग फोन तसाच हातात धरून तिने पोरांना हाक मारली, आधी तो स्पीकर बंद करा रे.