तीन टेक: बड पॉवेलचा पियानो ऐकताना

मंडळी, आत्ता आपण जे ऐकलं ते १ मे १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर स्टुडिओत मुद्रित झालं. रचनेचं नाव 'अन पोको लोको'. पियानोवर बड पॉवेल हा अमेरिकी जॅझवादक, बासवर कर्ली रसेल, ड्रम्सवर मॅक्स रोच. त्या दिवसाचे या रचनेचे तीन टेक, म्हणजे ती वाजवल्याची तीन स्वतंत्र मुद्रणं, आज उपलब्ध आहेत. ब्लू नोट कंपनीने पुढे बारा इंची तबकडी काढली, तेव्हा तिन्ही टेक तिच्यावर एकापाठोपाठ एक घातले. आज मी जे काही बोलणार आहे त्याचा आधार हे तीन टेक आहेत. पॉवेलविषयी सर्रास जे सांगितलं जातं ते मला पटत नाही, आणि का पटत नाही याचा पुरावा त्या तबकडीवर आहे.

काय सांगितलं जातं? की हा वेडा प्रतिभावंत होता, मन ताब्यात नव्हतं, आणि त्या बेताबपणातूनच हे अचाट संगीत आलं. लेखांत हे येतं, तबकड्यांच्या पाकिटांवर येतं, जाणकारांच्या गप्पांत येतं. ऐकायला ही गोष्ट मोठी आकर्षक वाटते, पण ती माणसावर अन्याय करते. कारण तिच्यामुळे पॉवेलच्या मेहनतीचं श्रेय त्याच्या आजाराला जातं, आणि ज्यांनी त्याला जायबंदी केलं ते गोष्टीतून अलगद नाहीसे होतात.

म्हणून आधी मेहनतीबद्दल बोलू. अर्ल रुडॉल्फ पॉवेल, म्हणजे बड, २७ सप्टेंबर १९२४ ला हार्लेममध्ये जन्मला. वडील स्ट्राइड पद्धतीचा पियानो वाजवायचे. स्ट्राइड म्हणजे डाव्या हाताने खालचा स्वर आणि मधली कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार स्वर) अशी सतत उडी मारत ताल धरायचा आणि उजव्या हाताने गाणं सांगायचं. धाकटा भाऊ रिची हाही पियानोवादक झाला. बड पाच-सहा वर्षांचा असल्यापासून पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकत होता, त्यात बाख होता, शोपाँ होता. हे शिक्षण त्याच्या बोटांतून कधी गेलं नाही. १९५७ च्या ब्लू नोट तबकडीवर 'बड ऑन बाख' नावाचा तुकडा आहे. त्यात तो कार्ल फिलिप इमॅन्युएल बाखची एक छोटी रचना वाजवून घेतो आणि मग तिच्यातूनच स्वतःच्या रचनेत शिरतो. दोन्हीतला सांधा शोधायला गेलात तर सहज सापडत नाही.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि पियानो हाच पोटाचा धंदा झाला. हार्लेममध्ये मिंटन्स प्लेहाउस नावाचा क्लब होता. तिथे रात्री उशिरा जी मंडळी जमत, त्यांच्यात थेलोनियस मंक हा पियानोवादक होता. त्याने या पोराला पंखाखाली घेतलं. मंक वयाने सात वर्षांनी मोठा, स्वभावाने अबोल, आणि वाजवणं पॉवेलच्या अगदी उलट: तुटक, टोकदार, मध्ये मोठमोठी शांतता ठेवणारं. तरी दोघांचं जन्मभर जमलं. मंकने १९४७ मध्ये 'इन वॉक्ड बड' ही रचना याच दोस्तासाठी केली. पॉवेलने त्याआधीच परतफेड केली होती. कूटी विल्यम्सच्या वाद्यवृंदात तो पियानोवर असताना, १९४४ साली, त्याच वाद्यवृंदाने मंकचं 'राउंड मिडनाइट' पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केलं.

आता त्याने नेमकं काय केलं ते सांगतो. बीबॉप या जॅझच्या नव्या, वेगवान शैलीत चार्ली पार्करचा आल्टो सॅक्सोफोन आणि डिझी गिलेस्पीचा ट्रम्पेट यांनी सोलोची, म्हणजे एकेकाने उत्स्फूर्त वाजवण्याची, भाषाच बदलली होती. वाक्यं लांब झाली, बारच्या, म्हणजे मात्रांच्या ठरलेल्या गटाच्या, रेषा ओलांडून जाऊ लागली. कॉर्ड भराभर बदलतात आणि सुरावट प्रत्येक बदलाला उत्तर देत पुढे जाते. ख्यालातली तान एका रागाच्या अंगणात फिरते. इथे पायाखालची जमीनच दर दोन-चार मात्रांनी सरकते, आणि तरी धावणाऱ्याचा तोल जाता कामा नये. 'चेरोकी' हे गाणंच घ्या. त्याचं आवर्तन नेहमीच्या दुप्पट, चौसष्ट बारांचं. मधल्या भागात स्वरस्थान पायरी-पायरीने खाली उतरत जातं. सॅक्सोफोनवाल्याला हे एका वेळी एका सुरात करायचं असतं. पियानोवाल्यापुढचा प्रश्न असा, की दहा बोटांचं काय करायचं?

पॉवेलचं उत्तर होतं: उजवा हात सॅक्सोफोनसारखा बोलू दे आणि डावा हात मितभाषी होऊ दे. डाव्या हातात दोन-तीन स्वर, बहुतेक वेळा कॉर्डचा पाया आणि सातवा स्वर, तेही अवचित जागी टाकलेले. वडिलांच्या स्ट्राइडमधली ती सततची उडी गेली. ठेका धरायचं काम बास आणि झांजेकडे गेलं आणि पियानो मोकळा झाला. पियानोला श्वास लागत नाही, पण पॉवेलची वाक्यं श्वासाने मोजल्यासारखी आहेत: कुठे लांबलचक, कुठे मध्येच तोडलेली. तबकड्यांवर कान देऊन ऐकलंत तर वाजवताना तो गुणगुणतोय, हुंकारतोय तेही ऐकू येईल.

काही समीक्षक म्हणाले, याला डावा हातच नाही. त्यांच्यासाठी उत्तर त्याच १ मे १९५१ च्या मुद्रणात आहे. त्या दिवशी त्याने 'ओव्हर द रेनबो' आणि 'इट कुड हॅपन टु यू' ही दोन गाणी एकट्याने वाजवली. ती ऐका. आर्ट टेटम या पियानोवादकाला मानणाऱ्या माणसाचा भरघोस, पूर्ण पियानो आहे तो, दोन्ही हातांनी वाजवलेला. म्हणजे त्रिकुटात डावा हात गप्प राहतो तो ठरवून. त्याच्याकडे सगळं होतं, आणि त्यातलं काय बाजूला ठेवायचं हे त्याला नेमकं कळत होतं. हा निर्णय घेणारं डोकं बिघडलेलं होतं असं मला कोणी सांगू नये.

मग आजार कुठून आला? जानेवारी १९४५ मध्ये फिलाडेल्फियात पोलिसांनी पॉवेलला मारहाण केली. डोक्यावर. तो वीस वर्षांचा होता. त्यानंतर डोकेदुखी सुरू झाली आणि रुग्णालयाच्या वाऱ्या सुरू झाल्या. नोव्हेंबर १९४७ मध्ये एका बारमधल्या भांडणात डोक्याला पुन्हा मार बसला, आणि शेवटी त्याची रवानगी क्रीडमोर या सरकारी मनोरुग्णालयात झाली. जवळजवळ वर्षभर तो तिथे होता. तिथे त्याला विजेचे झटके देण्यात आले. हार्लेममधला एक काळा तरुण, पोलिसांच्या काठीखाली डोकं फुटलेला, आणि त्यावर हे उपचार. याला 'प्रतिभेचा शाप' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

आता तारखा नीट जुळवून बघा. जानेवारी १९४७ मध्ये, क्रीडमोरच्या आधी, त्याने रसेल आणि रोच यांच्याबरोबर आपलं पहिलं त्रिकूट मुद्रित केलं. त्यात मंकचं 'ऑफ मायनर' आहे, 'इंडियाना' आहे. मे १९४७ मध्ये तो चार्ली पार्करबरोबर 'डॉना ली'वर वाजवतो, ट्रम्पेटवर तरुण माइल्स डेव्हिस. मग ते वर्ष. ऑक्टोबर १९४८ मध्ये सुटका. आणि १९४९ च्या सुरुवातीला रे ब्राउन आणि मॅक्स रोच यांच्यासह 'टेम्पस फ्यूग-इट', 'चेरोकी', आणि मुलीच्या नावाची 'सीलिया'. 'टेम्पस फ्यूग-इट' इतकं द्रुत आहे, की पहिल्यांदा ऐकताना एकेक स्वर वेगळा लागतोय यावर विश्वास बसत नाही. पण 'सीलिया' त्याहून मला जवळची वाटते. लय मध्यम, सुरावट हसरी, आणि कुठेही घाई नाही. विजेचे झटके घेऊन बाहेर आलेला माणूस काही महिन्यांत हे वाजवतो, तेव्हा मला त्यात आजार ऐकू येत नाही. आजारावर मात करणारा रियाज ऐकू येतो.

त्याच वर्षी, ९ ऑगस्ट १९४९ ला, ब्लू नोटसाठी पाच जणांचं ध्वनिमुद्रण झालं. ट्रम्पेटवर फॅट्स नवारो, टेनर सॅक्सोफोनवर सॉनी रोलिन्स, ड्रम्सवर रॉय हेन्स. रोलिन्स तेव्हा अठरा वर्षांचा. 'बाउन्सिंग विथ बड' आणि 'डान्स ऑफ द इन्फिडेल्स' ही त्यातली रत्नं. मुंबईकरांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. हाच रोलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, आणि १९७८ च्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात मुंबईत वाजवूनही गेला. पॉवेलच्या पहिल्या मोठ्या तबकड्यांपैकी एकीवरचा तो पोरगा मुंबईकरांनी समोर बसून ऐकलेला आहे.

तर 'अन पोको लोको'. तीन टेक आपण आज सलग ऐकणार आहोत, म्हणून कशाकडे कान द्यायचा ते आधी सांगतो. सुरुवातीच्या सुरावटीत तीव्र मध्यमाचा रंग आहे, तो तुम्हाला लगेच ओळखू येईल. सोलो सुरू झाला की बीबॉपची ती सरकती जमीन एकदम थांबते. बास एका आधारस्वरावर ठाण मांडतो आणि पॉवेल त्याच्यावर बोलू लागतो. आपल्या कानाला हे घरचं वाटेल. १९५१ च्या न्यूयॉर्कमध्ये ते धाडस होतं. पहिल्या टेकमध्ये कल्पना पूर्ण आहे, पण तिघे अजून एकमेकांना चाचपत आहेत. हा टेक चार मिनिटांच्या आत संपतो. दुसऱ्यात सोलो लांबतो, रोच अधिक मोकळा होतो. शेवटच्या टेकपर्यंत रोचच्या काउबेलवरचा, म्हणजे धातूच्या घंटेवरचा, ठेका पक्का झालेला असतो. पियानोच्या चार मात्रांना तो वेगळ्याच हिशोबाने छेदतो, आणि त्या दोन हिशोबांच्या ओढाताणीत पॉवेल डगमगत नाही, उलट त्याचा उपयोग करून घेतो. तीन टेकांतले सोलो तीन वेगळे आहेत. ऐकून ठेवणारा, आधीच्यातलं पटलं नाही ते टाकणारा, पुढच्यात अधिक मागणारा कलावंत इथे आपल्याला कामावर दिसतो. त्याच दिवसाच्या 'पॅरिसियन थरोफेअर'मध्ये तर तो मध्येच मुद्रण थांबवायला सांगतो आणि त्याचा आवाजही टेपवर राहिलाय.

त्यानंतर पुन्हा अटक, पुन्हा रुग्णालय, आणि १९५३ मध्ये बाहेर. बर्डलँड क्लबचा व्यवस्थापक ऑस्कर गुडस्टीन कायदेशीर पालक झाला. गुडस्टीन त्याला एका घरात जवळजवळ बंद ठेवून फक्त वाजवायला बाहेर काढी. ब्लू नोटचा आल्फ्रेड लायन त्याला भेटायला गेला, तेव्हा पॉवेलने त्याला एक नवी रचना ऐकवली. तीच 'ग्लास एन्क्लोजर', ऑगस्ट १९५३ मध्ये जॉर्ज डूव्हिव्हिए आणि आर्ट टेलर यांच्याबरोबर मुद्रित झालेली. अडीच मिनिटांच्या आतलं काम. त्यात उत्स्फूर्त वाजवणं जवळपास नाही, सगळं आधी रचलेलं. एक भाग भव्य, दुसरा चपळ, तिसरा गडद, आणि मग पहिल्याकडे परत. जॅझमध्ये इतक्या थोड्या वेळात इतकी मोठी इमारत मी दुसरी ऐकलेली नाही.

त्याच वर्षी १५ मे ला टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये पार्कर, गिलेस्पी, पॉवेल, बासवादक मिंगस आणि रोच एका मंचावर आले. त्याच रात्री हेविवेट विजेतेपदासाठी मार्सियानो आणि वॉलकॉट यांची मुष्टियुद्धाची लढत होती, त्यामुळे बहुतेक खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पार्कर प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजवत होता आणि करारामुळे तबकडीवर त्याचं नाव 'चार्ली चॅन' असं छापावं लागलं. ही मैफल सगळे पार्करसाठी ऐकतात. तुम्ही पॉवेल, मिंगस आणि रोच यांनी त्या रात्री त्रिकूट म्हणून जे वाजवलं तेही ऐका.

यानंतरचा पॉवेल उतरत गेला, असं ठोकून सांगायची पद्धत आहे. काही मुद्रणं खरोखर थकलेली आहेत, बोटं अडखळतात. जून १९५६ मध्ये भाऊ रिची ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनबरोबर मोटार अपघातात गेला, तोही घाव होताच. पण डिसेंबर १९५८ च्या 'द सीन चेंजेस'ला उतार कसा म्हणायचं? पॉल चेंबर्स बासवर, आर्ट टेलर ड्रम्सवर, सगळ्या रचना पॉवेलच्या. वेग थोडा कमी, पण रचनाकार पूर्ण ताकदीत. 'क्लिओपात्राज ड्रीम' जपानमध्ये घराघरांत पोहोचलं.

१९५९ मध्ये तो पॅरिसला गेला. ड्रमवादक केनी क्लार्क आणि बासवादक पिएर मिशेलो यांच्याबरोबर त्याचं त्रिकूट तिथे नियमित वाजू लागलं. मे १९६३ मध्ये सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनच्या 'अवर मॅन इन पॅरिस' या तबकडीसाठी आधी केनी ड्रू हा पियानोवादक ठरला होता. तो नसल्याने पॉवेल आला, म्हणून नव्या रचना बाजूला ठेवून सगळ्यांना पाठ असलेली जुनी गाणी घेतली गेली. ती तबकडी आज गॉर्डनच्या उत्तम कामांत गणली जाते, आणि पियानोच्या जागी बसलेल्या त्या माणसाचा त्यात मोठा वाटा आहे. फ्रान्सिस पॉद्रा या फ्रेंच चाहत्याने त्याला घरी आणलं, क्षयातून उठवलं, खाऊपिऊ घातलं. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तो न्यूयॉर्कला, बर्डलँडमध्ये परत वाजवायला आला. पॉद्रा फ्रान्सला परतला, पॉवेल मागे राहिला. ३१ जुलै १९६६ ला तो गेला. वय एक्केचाळीस. हार्लेमच्या रस्त्यांवर त्याच्या अंत्ययात्रेला हजारो लोक होते.

त्याचं वाजवणं कुठे गेलं विचाराल तर डेट्रॉइटच्या बॅरी हॅरिसचे वर्ग आठवा. पॉवेल आणि पार्कर यांची भाषा त्याने आयुष्यभर, अगदी म्हातारपणापर्यंत, शेकडो विद्यार्थ्यांना शिकवली. ती शिकवता येते, कारण ती रचलेली आहे, घासलेली आहे, तिला व्याकरण आहे. हॅरिसचे विद्यार्थी ती स्वर मोजून, एकेक वाक्य डाव्या आणि उजव्या हातात वेगळं करून शिकत.

आता तिन्ही टेक वाजवूया, मध्ये न थांबता. पहिल्यात बासकडे लक्ष द्या, दुसऱ्यात पियानोच्या डाव्या हाताकडे, आणि तिसऱ्यात काउबेलकडे. प्रश्न त्यानंतर घेऊ.