खर्जाच्या तारेतला गंधार

मिरजेच्या कारखान्यातले हे हात तंबोऱ्याची जवारी काढत आहेत, म्हणजे तारेचा झणकार खुलावा म्हणून घोडीचा माथा घासून घडवत आहेत. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, वरवर सपाट वाटते. प्रत्यक्षात तिच्या माथ्याला अगदी अल्प गोलाई असते, आणि ती कानशीने घासून, तार चढवून, छेडून, पुन्हा उतरवून आणि पुन्हा घासून साधावी लागते. तार घोडीवर एका बिंदूत टेकली, तर आवाज दबलेला, कारागिरांच्या भाषेत ‘बंद’, राहतो. या गोलाईला निसटता स्पर्श करीत ती कंपू लागली, की तिच्यातले वरचे स्वर उमटू लागतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवला जाणारा हा सुताचा दोरा शेवटचे काम करतो. तो केसभर जरी जागचा हलला, तरी आवाज बोथट तरी होतो किंवा नुसता झणझणतो.

आता इतर तारांवर हात ठेवून फक्त खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची तार, छेडला जात आहे.

[खर्जाची तार. निवेदन थांबते.]

हिशेबाच्या सोयीसाठी ही तार सेकंदाला 60 वेळा कंपते असे धरू. त्याच वेळी ती दोन, तीन, चार, पाच, सहा भागांतही कंपत असते आणि त्यातून 120, 180, 240, 300, 360 अशी कंपने, म्हणजेच उपस्वर, निघतात. यांतल्या शेवटच्या तिघांकडे लक्ष द्यावे. 240 हा षड्ज, 300 हा शुद्ध गंधार आणि 360 हा पंचम. त्यांचे परस्परप्रमाण 4, 5 आणि 6 असे पूर्णांकांत येते. पाश्चात्त्य संगीतात हेच तीन स्वर एकत्र वाजवले, की मेजर कॉर्ड होते, आणि 1558 साली व्हेनिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात झार्लिनो या इटालियन संगीतशास्त्रज्ञाने गंधाराच्या 5:4 या प्रमाणाला सिद्धान्तात मानाचे स्थान दिले. तंबोऱ्यावर मात्र साधारणतः पंचम, दोन जोडाचे षड्ज आणि खर्ज एवढ्याच तारा असतात; गंधाराची तार सहसा कोणी लावत नाही. तरीही तो येतो, म्हणून गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

तार जिथे छेडली जाते, तिथे ज्या उपस्वराचे कंपन शून्य असायला हवे, तो उपस्वर एरवी ऐकू येत नाही. तंबोऱ्यात तोही ऐकू येतो, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये दाखवून दिले, आणि त्याचे कारण या घोडीच्या माथ्यावरच आहे. म्हणजे आपण आत्ता पाहिलेले कानशीचे काम हे नुसते सुतारकाम नव्हे.

दुसऱ्या बाजूला ही पेटी. तिचे सप्तक बारा सारख्या पायऱ्यांत विभागलेले असल्यामुळे षड्ज 240 ठेवला, तर पंचम 359.6 वर, म्हणजे जवळजवळ जागेवरच येतो. गंधार मात्र 302.4 वर जातो. तंबोऱ्यातला 300 चा गंधार आणि पेटीचा हा गंधार एकत्र आले, की सेकंदाला दोनांहून थोडी अधिक हेलकाव्यांची थरथर जाणवते. यमन किंवा भूप यांसारखे शुद्ध गंधाराचे राग गाणाऱ्याच्या कानाला ती अजिबात लहान नाही, आणि पेटीच्या सवयीने ती ऐकू येईनाशी होते, हे या चित्रणादरम्यान आम्हाला वारंवार जाणवले.

पेटीविषयीची ही कुरकुर जुनीच आहे. शेजारच्या सांगलीतले कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी गायक अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा आधार घेऊन श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांची, प्रमाणे मोजली आणि 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे सहकारी, सनदी अधिकारी क्लेमेंट्स यांनी तर बावीस श्रुतींची पेटीच तयार करवून घेतली. ती प्रचारात आली नाही. पुढे 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीला मज्जाव केला, तो काही दशकांनी सैल झाला, आणि बारा पट्ट्यांची पेटी आज सर्वत्र आहे.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यामुळे मागणी घटली आहे आणि जवारी काढणारे हातही कमी होत आहेत.

हा तंबोरा मात्र आज पूर्ण होईल. कारागीर दोरा सरकवतो, खर्ज छेडतो, गंधार ऐकू येतो का हे पाहतो. तो पुरेसा मोकळा आला नाही, तर तार पुन्हा उतरवली जाते आणि कानस पुन्हा हातात घेतली जाते.