किडा इथलाच की बाहेरचा?

जंगलात झाड वाळलं आणि खोडात अळी सापडली की आपण लगेच म्हणून मोकळे होतो, किड्याने झाड खाल्लं, आणि पुढचा प्रश्न ठरलेला, मग फवारायचं काय? फवारणीचं नंतर बघू हो. आधी हे विचारा की किडा इथलाच आहे की बाहेरून आलाय, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

सालवृक्षाचा खोडकिडा घ्या. १९९०च्या दशकाच्या शेवटी मध्य प्रदेशात मंडला-दिंडोरी भागात लाखो सालवृक्ष ह्याने घालवले, आणि १९२०च्या दशकातही मध्य भारतात असाच कहर झाला होता, म्हणजे किडा जुनाच, इथलाच. पावसाळ्याचा पहिला दणका बसला की खोडातून लांब मिशांचा, चांगला बोटाएवढा भुंगेरा बाहेर पडतो आणि मादी खोडाच्या भेगांत अंडी घालते. झाड धडधाकट असेल तर अळी आत शिरतानाच राळ सुटते आणि अळी त्यातच बुडून मरते, विषय संपला. पण म्हातारं झालेलं, दुष्काळाने खचलेलं, वाऱ्याने पडलेलं किंवा तोडून तसंच टाकून दिलेलं झाड असलं की ह्यांचं फावतं, मग जवळजवळ वर्षभर आत पोखरणं चालू, पार गाभ्यापर्यंत, आणि बुंध्याशी भुशाचा ढीग. जाणकार माणूस आधी हा ढीग बघतो आणि मग मान वर करून शेंडा बघतो. शेंडा वाळलाय, ढीग मोठा, तर झाड गेलं समजा. नुसती राळ ओघळतेय आणि भुसा नाही, तर झाड अजून लढतंय, त्याला कुऱ्हाड लावायची घाई करू नका! अर्थात एकदा भुंगेऱ्यांची संख्या बेसुमार वाढली की धडधाकट झाडाचीही राळ पुरत नाही, म्हणून पडलेली लाकडं पावसाआधी जंगलाबाहेर काढणं हेच खरं काम, कंटाळवाणं आहे पण तेच आहे.

ह्याच्यावरचा जुना उपाय मला फार आवडतो. पावसाळ्यात थोडी झाडं मुद्दाम पाडायची, ओंडके करून साल ठेचायची, रस सुटला की त्या वासाने भुंगेरे लांबून येतात, रस पिऊन असे सुस्तावतात की उडता येत नाही, मग हाताने वेचायचे आणि मारायचे. मंडल्याकडे गावकऱ्यांनी ते वेचून, मोजून दिले आणि त्याचे पैसे घेतले. औषधाचा एक थेंब नाही.

सागाचं वेगळंच. पानं खाणारी अळी दिसली की लोक घाबरतात, पण पानाची जाळी करणारी अळी हंगामाच्या शेवटी येते, पानं तशीही गळायचीच असतात, तिचं एवढं मनावर घेऊ नका. नवी पालवी फस्त करणारी दुसरी अळी मात्र महाग पडते, साग मरत नाही पण वाढ मारली जाते, केरळात निलंबूरच्या कोवळ्या लागवडीत ती रोखली तर लाकडाची जवळपास ४४ टक्के वाढ वाचली असती असा हिशेब निघाला होता. आणि गंमत बघा, ह्याच अळीला एक विषाणू लागतो, तोच तिच्यावर वापरायचा प्रयोगही केरळात झालाय.

आता बाहेरून आलेला किडा. अ‍ॅश ह्या थंड प्रदेशातल्या झाडाचा हिरवा चमकदार भुंगेरा मूळचा पूर्व आशियातला, तिथली अ‍ॅश झाडं त्याला सरावलेली, तो तिथे मुख्यतः आजारी झाडांवरच जगतो. २००२ मध्ये तो अमेरिकेत मिशिगनला सापडला आणि तिथल्या ठणठणीत झाडांनाही काही करता येईना, अळी सालीखाली नागमोडी पोखरत जाते, अन्नरस वाहणंच तुटतं, कोट्यवधी झाडं गेली. इथे झाड दमलं होतं का वगैरे विचारण्यात अर्थ नाही, त्या झाडाकडे उत्तरच नव्हतं.

तो बहुधा मालाच्या पॅकिंगच्या लाकडातून आला. म्हणून तर परदेशी मालाच्या लाकडी पॅलेटवर, म्हणजे मालाखालच्या चौकटीवर, आता गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. त्यात एचटी अक्षरं असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशाला निदान ३० मिनिटं तापवलंय. पण शिक्का फक्त पॅकिंगला. साल न काढलेलं सरपण गाडीत टाकून एका जंगलातून दुसऱ्या जंगलात नेलं तर त्यातली अळी कोण तपासणार? अमेरिकेत ह्या भुंगेऱ्याने बरीच मजल अशीच मारलीय, स्वतःच्या पंखांवर त्याला तेवढं लांब जाताच आलं नसतं.