परसबागेतली भोगी

(दृश्य: जिल्हा परिषदेची शाळा, सकाळचं दव, कुंपणावर घेवड्याचा वेल)

संक्रांतीचा आदला दिवस. आज भोगी. परसबागेत जे तोडणीला आलंय, तेच आज शिजणार.

शालेय पोषण आहाराच्या मापानं सहावी ते आठवीच्या मुलाला 75 ग्रॅम भाजी. चाळीस मुलं, म्हणजे 3 किलो. सव्वा किलो वांगी, पाऊण किलो घेवडा, अर्धा किलो गाजर आणि शेजारच्या शेतातून आलेले अर्धा किलो सोलाणे, म्हणजे हरभऱ्याचे ओले दाणे.

वालघेवडा पावसाळाभर नुसता पानांनी माजतो. दिवस लहान झाले की फुलतो, म्हणून थंडीत शेंगा. शेंड्यावर मावा कीड आहे का, ते आधी पाहायचं. लाल चिंधी बांधलेल्या शेंगा बियाण्याच्या, त्यांना हात लावायचा नाही.

वांगं ओढायचं नाही, फांदी मोडते. देठासकट कात्रीनं कापायचं. साल चकचकीत हवी. मंद पडली की आत बिया जून झालेल्या असतात. बारीक छिद्र दिसलं तर अळी आत आहे. गाजराच्या वाफ्याला आदल्या संध्याकाळी पाणी दिलेलं असतं, कोरड्या मातीत गाजर अर्ध्यात तुटतं. उपटल्याबरोबर पाला कापायचा, नाहीतर तो गाजरातलं पाणी ओढत राहतो.

(दृश्य: व्हरांड्यात गोल करून बसलेली मुलं)

घेवड्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा काढा. एक राहिली तरी दातात येते. वांग्याच्या फोडी लगेच मिठाच्या पाण्यात, म्हणजे काळ्या पडत नाहीत.

तीळ 150 ग्रॅम. मंद आचेवर भाजायचे, तडतडायला लागले की लगेच ताटात ओतायचे. तापलेल्या कढईत राहिले तर करपून कडू होतात. पूर्ण गार झाल्यावरच कुटायचे. गरम कुटले की तेल सुटून गोळा होतो.

(दृश्य: चूल, मोठं पातेलं)

चुलीजवळ स्वयंपाकी ताई. मुलं दोन हात लांब. पाव किलो तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद. आधी घेवडा, सोलाणे, मूठभर शेंगदाणे आणि गाजर. झाकणावर पाणी ठेवून दहा मिनिटं वाफ. मग वांगी, ती आधी गेली तर लगदा. काळा मसाला, मीठ, दीड लिटर गरम पाणी. कूट घातल्यावर पळी थांबवायची नाही, ते तळाशी बसून लागतं.

चिंचेचा कोळ आणि 100 ग्रॅम गूळ सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकतोच कुणाचा तरी. आंबट लवकर पडलं की घेवडा कितीही उकळला तरी वातड राहतो.

इकडे परातीत बाजरी. पीठ ताजं दळलेलं. जुनं कडवट लागतं. बाजरीला गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून कोमट पाणी आणि एका वेळी एकाच भाकरीचं पीठ. तळहाताच्या टाचेनं मळून मळून मऊ करायचं. मळणं कमी पडलं की थापताना कडा फाटतात. वर तीळ दाबायचे, तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकण्याआधी उलटायची, उशीर झाला की तडे जातात आणि भाकरी फुगत नाही.

न फुगलेली भाकरी थापणाऱ्याच्याच ताटात जाते.