पाळणा लांबवायचं कुणी ठरवायचं?

मंडळी, अंगणवाडीत लेकराची उंची मोजतात. दोन वर्षांच्या आतलं असेल तर आडवं झोपवून मोजतात. वयाच्या मानानं कमी भरली की आईला विचारतात, ‘खायला काय देतेस?’ विचारायलाच हवं, पण त्याला फार उशीर झालेला असतो. मूल पोटात असल्यापासून दोन वर्षांचं होईपर्यंत, त्या हजार दिवसांत, उंचीचा बराचसा निकाल लागून गेलेला असतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची वाढ खुंटलेली दिसली. चौथ्या फेरीत ३४.४ होती. त्याच पाहणीत २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीड जिल्ह्यात हा आकडा ४३.७.

बीडला हे का होतं? ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. म्हणून हंगामाआधी घाईघाईनं लग्नं उरकतात. सोळा वर्षांची पोर डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून चढते, आणि वर्ष सरायच्या आत तिला दिवस जातात. तिचंच अंग अजून वाढीला लागलेलं, आणि एका भाकरीवर दोघांनी वाढायचं! बाळ कमी वजनाचं होतं. ते नीट चालायला लागायच्या आत पुन्हा दिवस जातात, अंगावरचं दूध तुटतं. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहायला किमान दोन वर्षं जाऊ द्यावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईच्या अंगातलं गेलेलं रक्त भरून यायला अवधी लागतो.

कुटुंबनियोजन तिच्यापर्यंत पोचतं, पण ऑपरेशनच्या रूपानं. राज्यातल्या निम्म्याच्या आसपास विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांची अर्धा टक्काही नाही. पाळणा थांबवायची सोय आपण केली; लांबवायची तांबी, गोळी, इंजेक्शन मात्र मागेच राहिली. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. शंभर वर्षं उलटली, तरी मूल कधी हवं हे त्या पोरीला कुणी विचारत नाही. याचा मला राग येतो.

माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. टोळी निघायच्या आधी आशाताईंनी प्रत्येक नव्या सुनेला एकटीला गाठावं. सासू दारात उभी असताना ती बोलणार नाही. तिला हवं ते साधन सहा महिने पुरेल एवढं बरोबर द्यावं, आणि कारखान्याजवळच्या उपकेंद्रात तिची नोंद आधीच पोचलेली असावी. आणि लेकराच्या उंचीशेजारी त्याच वहीत आणखी दोन रकाने असावेत: आईचं लग्न कितव्या वर्षी झालं, आणि आधीच्या बाळंतपणाला किती महिने झाले होते.