अर्धा गुंठा, एक कुदळ

[दृश्य: मुंबईतलं आरे, सकाळ. झाडीपलीकडून गाड्यांचे हॉर्न.]

ऑक्टोबर लागलाय. पाऊस गेला, ऊन चटके देतंय. आरेतल्या एका पाड्यावर, घरामागच्या तुकड्यात आत्या मूठभर माती उचलते, दाबते, सोडते. लाडू वळला तो तसाच राहिला.

"आज नाही. वापसा नाही आला." म्हणजे माती अजून खणण्याजोगी सुकलेली नाही.

भाचा कपाळाला हात लावतो. टेम्पोत घालून त्याने टिलर, म्हणजे माती उकरायचं मशीन, आणलाय. भाडं आजचं, वापसा परवाचा! पण आत्याचं खरं आहे. ओल्या मातीत पाती फिरली की नुसता चिखल कालवला जातो आणि वाळल्यावर त्याची ढेकळं विटेसारखी होतात. भाचा फोन करून दोन दिवस वाढवून घेतो. पैसे अर्थात त्याचेच.

[दृश्य: तिसरा दिवस. टिलर सुरू होतो.]

फिरत्या पात्यांचं हे यंत्र मूळचं ऑस्ट्रेलियातलं. आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने १९१२ साली गिलगँड्रा इथे, वडिलांच्या शेतावर त्याचे पहिले प्रयोग केले. तिथे जागा मोकळी होती. इथे सगळा मिळून अर्धा गुंठा, म्हणजे जेमतेम ५४५ चौरस फूट. मुंबईच्या भाषेत एक वन बीएचके. मशीन वळवताना दर फेरीला शेवगा आडवा येतो.

ठरलं असं: डावी बाजू मशीनची, उजवी कुदळीची.

मशीनने वीस मिनिटांत रवा पाडला. मधे एकदाच थांबलं. जमिनीतलं सिमेंटचं प्लॅस्टिक पोतं पात्यांभोवती गुंडाळलं गेलं, ते कोयत्याने कापून काढावं लागलं. आत्याची कुदळ मात्र सकाळभर चालली. टण्ण वाजलं की वाकायचं, वीट बाहेर. पुन्हा टण्ण. बांधावर ढीग वाढत गेला: विटा, टाइलचे तुकडे, एका कपाचा कान.

संध्याकाळी तिने कमरेला बाम चोळून घेतला. कुदळीचं कौतुक कॅमेऱ्यामागून करणं सोपं असतं, हे आम्हालाही कळतं.

[दृश्य: काडी मातीत खुपसणारा हात, जवळून.]

डावीकडे काडी चार-पाच इंचांवर अडते. उजवीकडे वीतभर आत जाते. दरवर्षी एकाच खोलीवर पाती घासत गेली की खाली थाळीसारखा कडक थर बसतो. वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या शहरात पाणी त्या थरावर तुंबतं आणि वांग्याची मुळं कुजतात.

पण खरी गंमत तीन आठवड्यांनी.

[दृश्य: डावी बाजू, हिरवीगार.]

आम्हाला वाटलं, माठ छान उगवलाय. आत्या हसली. तो लव्हाळा होता. महापुरात टिकतो म्हणून ज्याचे गोडवे गातात, तोच हा. जमिनीत त्याच्या गाठी माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. पात्यांनी माळा तोडल्या, गाठी वाफाभर पसरवल्या. सुटी झालेली गाठ स्वतंत्र कोंब धरते. आत्याच्या बाजूलाही लव्हाळा आहेच, पण तुरळक. खणता खणता दिसेल ती गाठ तिने वेचली होती.

पुढच्या वर्षीही टिलर आणणार का, असं आम्ही भाच्याला विचारलं. तो काही बोलला नाही. उकिडवा बसून खुरप्याने एकेक गाठ उकरत होता, पत्र्याच्या डब्यात टाकत होता. डबा भरत आला, तशी आत्याने आतून दुसरा आणून ठेवला.